छत्री, काळी, आणि पुढचं

मानवी संस्कृतीचा जन्म शेतीने झाला नाही आणि आगीनेही झाला नाही. माणसाने ज्या दिवशी पहिली आडवी रेघ ओढली आणि तिला एक उभी रेघ जोडली, त्या दिवशी तो झाला. हे आमच्या बाबांचं मत आहे. हे मत ते साधारणपणे भाजी दुसऱ्यांदा वाढून घेताना मांडतात, आणि त्यावर आई "ताटली सरळ धरा, सांडेल" एवढंच म्हणते.

बाबांनी आयुष्यभर शहराच्या बस कंपनीत नोकरी केली. लोक बसमध्ये ज्या वस्तू विसरतात त्या सगळ्या मुख्य डेपोच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत येतात. मी लहानपणी ती खोली पाहिली आहे. छताखालून गेलेल्या पाइपला छत्र्या उलट्या टांगलेल्या, वटवाघळांसारख्या. एका मांडणीवर फक्त एकेकटे हातमोजे. कोपऱ्यात एक भलंमोठं तंतुवाद्य, जे बसमध्ये चढवलं कसं आणि चढवल्यावर विसरलं कसं, हे कोणालाही सांगता आलेलं नाही. या साऱ्याची नोंद संगणकात असते, आणि ती नोंद बाहेर काढणारा प्रोग्रॅम बाबांनी लिहिला.

प्रोग्रॅम साधा होता. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाइप करायची, एन्टर दाबायचं, की यादी समोर. दुसऱ्या कोणी लिहिला असता तर त्याने ओळीखाली ओळ दाखवून विषय संपवला असता. बाबांनी यादीभोवती चौकट घातली. उणेची चिन्हं शेजारी शेजारी मांडून आडव्या रेघा, उभ्या दांड्या एकाखाली एक लावून उभ्या रेघा, आणि दोघी जिथे भेटतील तिथे अधिकचं चिन्ह. शेवटी, चौकटीच्या खाली, "यादी संपली. धन्यवाद." प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली होती. त्यात जे मावायचं नाही ते प्रोग्रॅम कापायचा आणि तिथे तीन टिंबं ठेवायचा. "माणसाला जेवढं कळायला हवं तेवढं मावतं," बाबा म्हणायचे. डेपोत या प्रोग्रॅमला चौकट हेच नाव पडलं.

माझं लग्नही चौकटीनेच जमवलं. बाबांच्या हाताखाली एक मुलगी नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने चौकटीतली एक चूक शोधून काढली. बाबा घरी येऊन मला म्हणाले, "अशी मुलगी घरात असलेली बरी. बाहेर राहिली तर आणखी काय काय शोधून काढेल, नेम नाही." मी दातांचा डॉक्टर आहे. समोरच्याच्या तोंडात हात घालून बोलायची सवय असल्यामुळे उत्तराची अपेक्षा करत नाही. आमच्या संसारात हा गुण फार उपयोगी पडला.

बाबा निवृत्त झाले, त्यांची खुर्ची सुनेला मिळाली. तेव्हापासून ते रोज जेवताना तिला विचारतात, "चौकट कशी आहे?" सासरी दिलेल्या मुलीची खुशाली विचारावी तसं. आणि ती म्हणते, "बरी आहे, बाबा." मग आम्ही जेवतो.

एका संध्याकाळी माझा शेवटचा पेशंट गेल्यावर बायको दवाखान्यात आली, कोणी न सांगता पेशंटच्या खुर्चीत बसली, खुर्ची मागे केली आणि वरचा दिवा स्वतःच स्वतःच्या तोंडावर ओढला.

"बाबांना सांगायचं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"आधी कबूल कर."

"अगं, गोष्ट कळल्याशिवाय..."

"तुझ्या खुर्चीत बसलेय मी. पेशंटचं गुपित बाहेर जात नाही, असं भिंतीवर लिहून ठेवलंयस."

तसं लिहिलेलं आहे हे खरं होतं. मी कबूल केलं.

हकिगत अशी होती. कंपनीच्या संचालकांनी ठरवलं होतं की यापुढे सापडलेल्या वस्तूंची यादी प्रत्येक बसथांब्यावरच्या पडद्यावर झळकेल. या संचालकांना सगळे 'दोनमिनिटं' म्हणतात, कारण कोणतंही काम नेलं की ते "दोन मिनिटं द्या" म्हणतात आणि महिन्याभराने भेटतात. पडदे आले होते. पण पडद्यामागचं यंत्र फक्त सुटा मजकूर खायचं. एका वस्तूची एक ओळ, दोन रकान्यांच्या मधे एखादं ठरलेलं चिन्ह, बाकी नटवणं-थटवणं काही नाही.

"बाबांची चौकट दिली त्याला, तर?" मी विचारलं.

"दिली ना. त्याने पहिली वस्तू म्हणून आडवी रेघ दाखवली. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोनमिनिटं म्हणाले, ही काठी कोणाची?"

"मग प्रोग्रॅमला सुटा मजकूर द्यायला शिकव की."

"शिकवेन. पण दोनमिनिटांना घाई आहे. उद्घाटनाच्या दिवशी यादी पडद्यावर नीट दिसली तर ठीक, नाहीतर बाहेरून तयार सिस्टीम घेणार. कागदांवर सह्यासुद्धा झाल्यात. फक्त तारीख घालायची राहिलीये."

"आणि चौकट?"

"बंद. कायमची." तिने दिवा बाजूला ढकलला. "उद्या जेवताना बाबा विचारतील, चौकट कशी आहे. मी काय सांगू? आयसीयूत आहे?"

दुसऱ्या दिवशी ताटं वाढून झाल्यावर तिने विषय काढला. "बाबा, समजा..."

"समजा म्हणालीस म्हणजे काहीतरी होऊन गेलंय."

"नाही हो. समजा, चौकटीला एक जास्तीची सोय दिली. आज्ञेच्या शेवटी एक छोटा शब्द टाइप केला की यादी सुटी येईल. रेघा नाहीत. रकान्यांच्या मधे नुसता स्वल्पविराम."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "सूनबाई," ते म्हणाले. एरवी ते तिला पोरी म्हणतात. सूनबाई म्हणाले की प्रकरण कोर्टात गेलं असं समजायचं. "रेघा नाहीत?"

"नाहीत."

"कोपरे?"

"रेघाच नाहीत तर कोपरे कुठून आणू, बाबा?"

"म्हणजे एखाद्याला नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर काढतात, तेवढंही नाही. कपडेसुद्धा काढून घ्यायचे."

"माणसासाठी नाही हो. यंत्राला वाचायचंय ते."

"यंत्राला डोळे नाहीत म्हणून त्याच्यासमोर कसंही जायचं?"

"अहो," आई म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी घरात तुम्ही ज्या अवतारात फिरता, तो अजून कोणत्याच यंत्राने पाहिलेला नाही. जेवा."

बाबा जेवले. पण त्यानंतरचे काही दिवस ते चौकटीची खुशाली विचारेनात. आमच्या घरात शांतता ही गोष्ट इतकी दुर्मीळ आहे, की ती पडली की सगळ्यांना आपण आजारी असल्यासारखं वाटतं. शेवटी बाबांनीच तह केला. "स्वल्पविराम नको," ते म्हणाले. "तो आधीच वाकडा असतो. निदान उभी रेघ ठेव मधे. चौकटीची आठवण म्हणून."

बायकोने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि "बरं, बाबा" म्हणाली. असा सुनेने सासऱ्याचा मान राखला, आणि घोटाळ्याचा पाया घातला.

रंगीत तालमीला डेपोच्या आवारात एक पडदा लावला होता. दोनमिनिटं स्वतः हजर होते. बायकोने आज्ञा टाइप केली, शेवटी नवा शब्द लावला, एन्टर दाबलं. त्या दिवशी काय झालं ते तिने घरी येऊन, पर्स खांद्यावरून न उतरवता, उभ्या उभ्या सांगितलं.

"वस्तू, कवळी. स्थानक, मालक रागीट. तारीख, उद्या पुन्हा येतो म्हणाला."

"स्थानक मालक रागीट?" मी म्हणालो.

"पुढची ऐक. वस्तू, चष्मा. स्थानक, काच गेलेली. तारीख, बाई गोड होत्या. असं पानभर. आणि सगळ्यात शेवटी एक वस्तू झळकली, यादी संपली धन्यवाद. दोनमिनिटं माझ्याकडे वळून म्हणाले, हे धन्यवाद कोणाचे राहिलेत?"

झालं होतं असं. नोंदी करतात छत्रीताई. छत्र्या उलट्या टांगायची कल्पना त्यांची, म्हणून हे नाव. आणि छत्रीताईंच्या प्रत्येक वर्णनात उभ्या रेघा होत्या. यंत्राला सांगितलं होतं, उभी रेघ दिसली की नवा रकाना समज. त्याने बिचाऱ्याने समजला.

"ताई, या रेघा का घालता तुम्ही?" बायकोने त्यांना विचारलं.

"मी कशाला घालेन? साहेबांनीच सांगितलं होतं. तुमच्या सासऱ्यांनी. म्हणाले, लांबलचक लिहायचं झालं तर मधे मधे उभी रेघ टाकत जा, चौकटीला शोभून दिसते."

"आणि इतकं लांब का लिहिता पण?"

"लांब?" छत्रीताई उखडल्या. "दिसतं किती त्यातलं? छत्री, काळी, आणि तीन टिंबं. गळा आवळल्यासारखं! नोकरीला लागल्यापासून मी मनापासून लिहितेय, वस्तू कशी, माणूस कसा, काय म्हणाला, खरं बोलला का. सगळं त्या टिंबांखाली पुरलंय. आज पहिल्यांदा पडद्यावर माझं पूर्ण वाक्य दिसलं. भलत्या रकान्यात दिसलं, पण दिसलं!"

दोनमिनिटांनी सगळं पाहून घेतलं आणि उद्घाटनापर्यंतची मुदत दिली. उद्घाटन पुढच्या आठवड्यात होतं.

जेवायला बसल्यावर बाबांनी घसा साफ केला. "काय गं, तालीम कशी झाली?"

"उभ्या रेघांनी घात केला, बाबा. वर्णनातच आहेत त्या. सगळ्या."

"कोणत्या गाढवाने घातल्या?"

बायको ताटाकडे पाहू लागली. मी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायलो.

"तुम्ही," आई म्हणाली. "शोभून दिसतात म्हणून."

"मग दिसतच होत्या!"

"आता दिसायच्या बंद होणार आहेत. ते दोनमिनिटं बाहेरून तयार सिस्टीम आणतायत. पुढच्या आठवड्यात हिची यादी नीट आली नाही, की तुमची चौकट कायमची बंद."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या सगळ्या दाढा एकदम दुखल्या. "मी नाही सांगितलं," मी म्हणालो.

"त्याने नाही सांगितलं," आई म्हणाली. "हा गेले कित्येक दिवस रोज सकाळी तुमचे दात तपासतोय आणि छान आहेत, छान आहेत म्हणतोय. हा इतका गोड कधी वागतो? म्हटलं, कोणीतरी जायला टेकलंय. मग ही दुपारी पेंगत होती तेव्हा हिला विचारलं. हिला खोटं बोलता येत नाही, तुमच्या प्रोग्रॅमसारखी आहे. एन्टर दाबलं की सगळं बाहेर."

बाबा उठले. हात धुतले, टॉवेलला बोट न बोट पुसलं आणि आपल्या खोलीत गेले. आम्ही तिघंही दाराकडे बघत बसलो. ते परत आले तेव्हा त्यांच्या नाकावर वाचायचा चष्मा होता.

"कपडे काढायचेच असतील," ते सुनेला म्हणाले, "तर नीट काढू. खिशात काही राहायला नको. बस."

जेवणाचं टेबल पुसून त्यावर संगणक आला आणि तो पुढचे दिवस तिथेच राहिला. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. मला त्या कामातलं जेवढं कळलं तेवढं सांगतो. बायकोने उभी रेघ काढली आणि पुन्हा स्वल्पविराम आणला. आता वर्णनातही स्वल्पविराम होतेच. 'छत्री, काळी' म्हटलं की आला स्वल्पविराम. तर यावर तिने असं केलं, की ज्या खणात असलं काही असेल त्या खणाच्या सुरुवातीला आणि शेवटी अवतरणचिन्ह लावायचं. यंत्राला सांगायचं, या दोन चिन्हांच्या आत जे काही आहे ते त्या घरचं सामान, त्याला भिंत समजू नकोस.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे प्रत्येक खणाला स्वतःची चौकट."

हुशार सुना जे करतात ते बायकोने केलं. "हो, बाबा. लहानशी चौकट."

"दोनच बाजूंची आहे."

"दोनच बाजूंची आहे, पण चौकटच की."

"हं," बाबा म्हणाले, आणि या 'हं' नंतर घरातली हवा बदलली. "पण वर्णनातच अवतरणचिन्ह असलं तर? छत्रीताई कोण काय म्हणालं ते लिहितात. यंत्राला वाटेल, खण संपला."

"आतलं चिन्ह दोनदा लिहायचं. लागोपाठ दोन दिसली की यंत्राने एक समजायचं."

"काट्याने काटा काढायचा."

"अगदी."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. त्या क्षणापासून ते वेगळेच झाले. आमचे बाबा म्हणजे सरळ रेघेतला माणूस. त्यांच्या आत इतका पोचलेला खलनायक राहतो हे आईलासुद्धा ठाऊक नव्हतं. सुनेचं काम पाडायचं, हे त्यांनी जीवनध्येय केलं. ते खोट्या नोंदी करू लागले. एका वस्तूचं वर्णन म्हणून नुसते स्वल्पविराम लिहिले. एकात काहीच लिहिलं नाही. एक पाटी हरवली, जिच्यावर "ही पाटी काढू नये" असं अवतरणात लिहिलं होतं. बायको आज्ञा द्यायची, ओळ बिनचूक यायची, आणि बाबा "योगायोग" म्हणायचे.

एका दुपारी त्यांनी अवतरणचिन्ह उघडलं आणि मिटलंच नाही. सगळी यादी त्या एका उघड्या चिन्हात गडप झाली. छत्र्या, चष्मे, कवळ्या, सगळं मिळून एकच पदार्थ.

"पडलं!" बाबा ओरडले. "पडलं की नाही? अगं, ये बघायला!"

"तुमचाच प्रोग्रॅम पडला ना?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मग नाचताय काय?"

बाबा नाचायचे थांबले. पण बायको तोवर कामाला लागली होती. एकटं चिन्ह असलं तरी ते दोनदा लिहायचं, ते तिच्या हातून एका जागी राहून गेलं होतं. चहा निवायच्या आत तिने ते दुरुस्त केलं. बाबांनी तीच नोंद पुन्हा काढली. बरोबर आली. त्यांनी त्यात स्वल्पविराम घातला, उभ्या रेघा घातल्या, मधेच एन्टर दाबून ओळ मोडली. बरोबर आली. त्यांनी हात कळफलकावरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"दगड खाऊन पचवतोय," ते म्हणाले. मग म्हणाले, "माझं धन्यवाद मात्र काढू नकोस."

"बाबा, ते पडद्यावर वस्तू म्हणून येतं."

"निरोप न घेता उठून जायचं?"

बायकोने विचार केला. मग तिने अशी सोय केली, की धन्यवाद यंत्राला जाणाऱ्या मजकुरात उतरणार नाही, पण जो कोणी आज्ञा टाइप करेल त्याला त्याच्या काळ्या पडद्यावर दिसेल. शिवाय नवा शब्द न लावता जुनी आज्ञा दिली, तर जुनी चौकट जशीच्या तशी, चारी कोपऱ्यांसह. बाबांनी दोन्ही पाहिलं आणि त्या दिवशी भाजी तिसऱ्यांदा घेतली.

आता एकच गोष्ट उरली होती. सुट्या मजकुरात काही कापलं जात नव्हतं, म्हणजे छत्रीताई जे जे लिहितील ते ते गावभर वाचलं जाणार होतं. बायको त्यांना भेटून आली.

"ताई, आता सगळं दिसणार बरं का. टिंबं गेली."

"सगळं?"

"शेवटच्या शब्दापर्यंत. तेवढे माणसांवरचे शेरे काढून टाका."

छत्रीताईंनी ते काम तक्रार न करता केलं, पण प्रत्येक शेरा काढण्याआधी तो शेजारच्या टेबलाला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, निदान श्रद्धांजली तरी.

उद्घाटनाच्या दिवशी बाबांनी कोट घातला. मी सगळ्यांना गाडीने डेपोत नेलं. आवारात खुर्च्या मांडल्या होत्या, पडद्यावर कापड टाकलं होतं, कापडाला फीत बांधली होती. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी मागे उभी होती. बायको एका छोट्या टेबलाशी संगणक घेऊन बसली होती आणि ज्या अर्थी ती केस कानामागे सारत होती त्या अर्थी घाबरलेली होती.

दोनमिनिटं बसने आले. एरवी ते मोटारीने येतात. पण बस कंपनीचा संचालक बसमधून उतरतोय असा फोटो हवा होता. फोटो निघाला. पुन्हा चढून पुन्हा उतरले, आणखी एक निघाला. मग व्यासपीठावर जाऊन "दोन मिनिटं बोलतो" म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी पाय लांब केले.

भाषणाच्या शेवटी ते म्हणाले, "तर आता बघू या, आपली जुनी पद्धत नव्या काळाला पुरी पडते का. नाही पडली तर पर्याय तयार आहे." त्यांनी कोटाचा आतला खिसा थोपटला. सह्या झालेले कागद तिथेच असणार. बाबांनी माझं मनगट धरलं, जिथे नाडी बघतात तिथे. कोणाची बघत होते, देव जाणे.

फीत कापली. कापड पडलं. बायकोने आज्ञा टाइप केली, शेवटी तो छोटा शब्द लावला आणि एन्टर दाबलं.

पडदा काळाच राहिला. मग उजळला. वर रकान्यांची नावं आली: वस्तूचं वर्णन, स्थानक, तारीख, बस. त्याखाली सगळ्यात ताजी नोंद. वर्णन लांब होतं, म्हणून ते उजवीकडून डावीकडे सावकाश सरकू लागलं, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत:

छत्री, काळी, मुठीवर पितळी बदक. "साहेब" आज पहिल्यांदाच बसने आले | फोटोपुरते, दोनदा उतरले, आणि बदक बिचारं सीटवरच राहिलं.

"अवतरणं टिकली!" बाबा उभे राहून ओरडले. "स्वल्पविराम बघ! अगं पोरी, उभी रेघ बघ, उभी रेघसुद्धा! आणि बसचा नंबर बसच्या रकान्यात!"

त्या आवारात मजकुराचा अर्थ न वाचलेला हा एकच माणूस होता.

बाकीच्यांनी वाचला. आधी मागच्या ड्रायव्हरांमध्ये कोणीतरी खोकलं. मग पुढच्या रांगेने रुमाल काढले. मग सगळं आवार एकदम हसलं, आणि हसता हसता त्याच्या टाळ्या झाल्या, कारण पडद्यावर दुसरी ओळ आली, तिसरी आली, प्रत्येक चष्मा चष्म्याच्या जागी, प्रत्येक स्थानक स्थानकाच्या जागी, आणि शेवटच्या वस्तूनंतर काहीही नाही. धन्यवाद फक्त बायकोच्या काळ्या पडद्यावर उमटलं. ते तिने एकटीने वाचलं आणि डोळे पुसले.

"ताई!" ती दबक्या आवाजात मागे वळून म्हणाली. "शेरे काढले म्हणालात ना?"

"जुने सगळे काढले," छत्रीताई म्हणाल्या. "ही छत्री आजची आहे. भाषण चालू असताना ड्रायव्हर आणून देऊन गेला. हाताला सवय आहे, मी काय करू?"

दोनमिनिटांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जिथे एरवी छत्री असते. मग डाव्या हाताकडे. मग माईकजवळ गेले. आवार शांत झालं.

"दोन मिनिटं," ते म्हणाले.

ते व्यासपीठावरून उतरले, तळमजल्यावरच्या खोलीत गेले, आणि खरोखर दोन मिनिटांत परत आले. कंपनीच्या इतिहासात हे प्रथमच घडलं. हातात छत्री होती. त्यांनी ती बदकासह उंच धरली, आणि अशा टाळ्या पडल्या की शेडमधली कबुतरं उडाली. तो माणूस हरायच्या जागी जिंकायचं कसं हे जाणतो, म्हणून तर संचालक आहे.

"यादी अचूक आहे," ते म्हणाले. "वस्तू हरवली, नोंद झाली, दिसली, मिळाली. याहून मोठा पुरावा कोणता? चौकट राहील!"

बाबांना व्यासपीठावर बोलावलं. बाबा एकटे गेले नाहीत; टेबलाशी जाऊन सुनेला हाताला धरून उठवलं. "हिने केलं," ते माईकमध्ये म्हणाले. "मी फक्त पाडायचा प्रयत्न केला. पडलं नाही." आमच्या लग्नातही ते इतके छान बोलले नव्हते. फोटोत मधे बायको आहे, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला दोनमिनिटं आणि बदक.

"पोरीने बाजी मारली हो," शेजारची बाई आईला म्हणाली.

"पोरीने आणि बदकाने," आई म्हणाली, पण पर्समधून रुमाल काढून तिनेही डोळे टिपले आणि माझ्यावर डाफरली, "बघतोस काय, टाळ्या वाजव!"

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पुन्हा ताटं आली. बाबांनी वाढून घेतलं आणि विचारलं, "चौकट कशी आहे?"

"बरी आहे, बाबा," बायको म्हणाली. "ठणठणीत."

तयार सिस्टीमही पुढच्या महिन्यात आली. सह्या झालेल्याच होत्या, दोनमिनिटांनी तारीख घातली. ती बायकोकडून सुटा मजकूर घेते आणि पडद्यावर धाडण्याआधी त्याच्याभोवती चौकट काढते. बाबा खास जाऊन बघून आले. कोपरे चांगले आहेत म्हणाले. रकान्यांची रुंदी दोनमिनिटांनी स्वतः बसून ठरवली. वर्णनाच्या रकान्यात 'छत्री, काळी' एवढं मावतं.